हलक्या हाताचा दांडगा

दिसायला तो अगदी साधा. पिस्तुलाच्या धाटणीची मूठ, पुढे एक जाड नळी, नळीच्या तोंडावर आवळलेली दणकट स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगमधून बाहेर आलेली छिन्नी. वजन दीड-दोन किलो. पान्यांच्या ट्रेमध्ये पडलेला असला की नवख्याला तो ड्रिल वाटतो. पण ड्रिल फिरतं, हा फक्त ठोकतो. माणूस हातोडा उचलून एकदा खाली आणतो तेवढ्यात याचे वीस-तीस घाव घालून झालेले असतात.

एअर हॅमर हे त्याचं बिलावरचं नाव. गॅरेजात कोणी एअर चिझल म्हणतं, कोणी नुसतं चिझल. पाइप जोडलेला नसला तर थंड लोखंड. हवा लागली की अंगात येतं. त्याला निवडायला दुकानात गेलेला माणूस बहुतेक वेळा खोक्यावरचा एकच आकडा बघतो: मिनिटाला घाव किती? जितके जास्त तितका माल भारी, असा हिशेब. मला हा हिशेब पटत नाही. या गड्याची पारख त्याच्यात जोर किती आहे यापेक्षा तो जोर किती जपून सोडता येतो यावर करावी, असं मी ठामपणे म्हणेन. का, ते सांगण्यासाठी तो कुठल्या कामाला लागतो तिथपासून सुरुवात करावी लागेल.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी उचलणाऱ्या गाड्या घ्या. हौद्यात मासळी आणि बर्फ. वितळलेल्या बर्फाचं ते खारट पाणी वाटभर चॅसीवर, पाट्यांवर, ब्रेकच्या नळ्यांवर ठिबकत राहतं. त्यात दर्यावरची दमट हवा, त्यात चार महिन्यांचा पाऊस. अशा गाडीचा गंज ब्रश मारून जाणारा नसतो. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. पिन आणि तिचं भोक यांच्यात केसाएवढी फट. त्या फटीत गंज फुगला की दोन्ही भाग एकमेकांना असे धरतात की मेस्त्रीसुद्धा क्षणभर विचारात पडतो, इथे सांधा आहे तरी कुठे?

किंगपिन हे त्याचं सगळ्यात कठीण उदाहरण. ट्रकचं पुढचं चाक ज्या पोलादी दांड्यावर डावी-उजवीकडे वळतं, तो हा दांडा. आडवी लॉकपिन काढायची, वरखालच्या टोप्या खोलायच्या आणि मग किंगपिन ठोकून बाहेर काढायची, असं सांगायला सोपं. जुन्या पद्धतीत एक जण पंच धरतो आणि दुसरा घण घालतो. पंच धरणाऱ्याच्या मनगटाची काळजी वाटावी असं ते काम आहे. शिवाय घणाचा एकेक घाव मोठा असल्यामुळे पिन सरकण्याआधी तिचं डोकंच फुलतं, आणि फुललेलं डोकं भोकातून जाणार कसं? मग गॅस पेटवायचा. घडाई करून, उष्णोपचार देऊन तयार केलेला एक्सल असा ज्योतीने लाल करणं मला कधीच बरं वाटलेलं नाही. त्याच्या अंगातली ताकद त्याने कमी होऊ शकते, आणि तो एक्सल पुन्हा त्याच गाडीखाली जाणार असतो.

एअर हॅमर इथे वेगळ्या वळणाने जातो. बरणीचं झाकण घट्ट बसलं की घरातलं जाणतं माणूस कडेकडेने हलकं ठोकत फिरतं, तसं. घाव लहान, पण थांबत नाहीत. सांध्याला सारखी कंपनं मिळत राहतात, गंजाचा थर भुगा होत जातो, आणि आदल्या रात्री सोडून ठेवलेलं तेल त्या भुग्यातून वाट काढत आत उतरतं. प्रत्येक किंगपिनला तो पुरा पडतो असं मी म्हणणार नाही. अगदी हाडवैर धरून बसलेल्या पिनेला हायड्रॉलिक प्रेसच लागतो. पण प्रेस लावण्याआधी पाच मिनिटं याला काम दिलेलं असलं, तर प्रेसलाही कमी झगडावं लागतं.

त्याचं घराणं बोगद्यातलं आणि दगडाच्या खाणीतलं. फ्रान्स आणि इटली यांच्यामध्ये आल्प्स पोखरून रेल्वेचा बोगदा काढला, तो १८७१ मध्ये खुला झाला. त्या कामात जर्मां सोमेये या इंजिनिअरने दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं वापरली होती. हातात धरायच्या हवाई हातोड्याचं एक पेटंट अमेरिकेत १८९४ मध्ये चार्ल्स ब्रेडी किंग याला मिळालं. हाच किंग ६ मार्च १८९६ रोजी स्वतः बनवलेली मोटार घेऊन डेट्रॉइटच्या रस्त्यावर उतरला. त्या शहरात रस्त्यावर धावलेली ती पहिली पेट्रोलगाडी, आणि तिच्या मागोमाग सायकलवरून हेन्री फोर्ड आला होता असं सांगतात. हातोडा आणि मोटार एकाच माणसाच्या हातून पुढे आले, हे मला फार आवडतं. आज गाडीखाली उताणा पडून मेस्त्री हा हातोडा चालवतो, तेव्हा दोन भावंडांचीच ती भेट असते.

आता त्याची शरीरयष्टी. नळीत एक पिस्टन असतो. चाप ओढला की हवा पिस्टनच्या मागे शिरते, पिस्टन पुढे झेपावतो आणि छिन्नीच्या बुडावर आदळतो. तोवर आतली झडप पलटते, हवा पुढच्या बाजूने येऊन त्याला मागे ढकलते, पुन्हा झडप पलटते. बस्स, एवढंच. पिस्टनची जाडी बहुतेकांत १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या आसपास. फरक पडतो तो धावेने. आखूड नळीच्या हॅमरमध्ये पिस्टनची धाव ४० मिलिमीटरच्या आसपास. तो मिनिटाला तीन ते साडेचार हजार घाव घालतो, पण घाव हलके. लांब नळीच्या हॅमरमध्ये धाव ९० मिलिमीटरच्या घरात जाते. घाव दोन हजारांच्या आसपासच, मात्र प्रत्येक घाव वजनदार. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा लहान चणीच्या हॅमरचा असतो. पत्रा कापायला, सायलेन्सरचा सडलेला पाइप चिरायला, स्पॉट वेल्ड उचकटायला तो छान. बुश, पिना, बॉल जॉइंट, हबला चिकटलेला ब्रेकड्रम यांच्याशी गाठ असेल तर लांब नळीचाच घ्यावा. आपल्या बाजारात हे हॅमर १५०, १९०, २५० मिलिमीटर अशा लांबीने मागितले जातात. जड गाड्यांच्या गॅरेजसाठी २५० च्या खाली जाऊ नये, हे माझं मत. डेंटिंगच्या शेडमध्ये १५० चा पुरतो.

आणि मग चाप. माझ्या लेखी या गड्याचा सगळा स्वभाव इथे कळतो. चांगल्या हॅमरचा चाप जरासा ओढला की तो टक्, टक्, टक् असे सुटे घाव घालतो. अजून ओढला की टकटक वाढत जाते. पूर्ण ओढला की घाव एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते. वाईट हॅमरला मधलं काही माहीतच नसतं. चाप अर्ध्यावर येईपर्यंत झोपलेला, आणि मग एकदम थयथयाट. छिन्नी जागेवरून सटकते, शेजारच्या ब्रेकपाइपवर जाते, किंवा अल्युमिनियमच्या आर्मला अशी चीर पाडते की अख्खा आर्म बदलावा लागतो.

टाय रॉड एन्ड सोडवताना चापाची किंमत डोळ्यांनी दिसते. त्याची खुंटी निमुळती असते आणि स्टिअरिंग आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात गच्च बसलेली असते. नट पूर्ण काढायचा नाही. ढिला करून दोन-तीन आट्यांवर ठेवायचा, म्हणजे सांधा सुटल्यावर अंगावर येत नाही. दोन दात्यांची फोर्क घुसवली तर काम होतं, पण तिने रबरी बूट फाटतो. जाणता मेस्त्री बोथट तोंडाचं बिट लावतो, आर्मच्या डोळ्याला बाजूने टेकवतो, खांद्याचा भार देतो आणि मगच चाप ओढतो, तोही जेमतेम.

‘‘मेस्त्री, पूर्ण दाबा ना, पटकन निघंल,’’ हाताखालचा पोरगा म्हणतो.

‘‘निघंल, आणि नट घेऊन जाईल. तू टॉर्च नीट धर.’’

पहिले काही सेकंद काही होत नाही. आर्मवरचे गंजाचे पापुद्रे तेवढे उडतात. मग आवाज बदलतो. आतापर्यंत बसका येत होता तो थोडा मोकळा होतो, आणि दुसऱ्याच घावाला खुंटी नटापर्यंत खाली येते. बूट शाबूत, आटे शाबूत. या मेस्त्रीला कान होते म्हणून त्याने तो बदल टिपला, हे खरंच. पण चापाने त्याला हळू जाऊ दिलं म्हणून त्याला ऐकायला सवड मिळाली. बेअरिंग बसवायला मात्र याला कुणी बोलावू नये. घाव कितीही हलके घातले तरी बेअरिंगच्या गोळ्यांचे खळगे रेसवर उमटतात आणि नवं बेअरिंग काही दिवसांतच आवाज करू लागतं.

त्याची भूक मोठी आहे, आणि ती ओळखल्याशिवाय त्याला घरी आणू नये. त्याला मुठीपाशी ९० पीएसआयच्या आसपास दाब हवा. मुठीपाशी म्हणजे मुठीपाशी. कॉम्प्रेसरच्या काट्यावर १२० दिसतात म्हणून खूश होऊन चालत नाही. मधला पाइप बारीक असेल, कपलर चिंचोळे असतील, तर वाटेतच दाब संपतो आणि दोष हॅमरच्या माथी येतो. पाइपचं आतलं भोक निदान १० मिलिमीटरचं असावं. पंक्चरच्या दुकानातला दोन एचपीचा कॉम्प्रेसर लांब नळीच्या हॅमरला सलग पोसू शकत नाही. थोडं ठोकायचं, टाकी भरेपर्यंत थांबायचं, असं करत काम निघतं. दिवसभर हेच काम असेल तर कॉम्प्रेसरचाच विचार आधी करावा लागतो.

पाण्याचं त्याला वावडं आहे. कोकणातल्या पावसाळ्यात कॉम्प्रेसर हवेबरोबर तिच्यातली वाफही दाबतो, आणि टाकीच्या बुडाशी रोज पाणी साठतं. संध्याकाळी खालचा कॉक उघडला की तांबूस पाण्याची चिळकांडी उडते. हेच पाणी पाइपवाटे हॅमरमध्ये गेलं तर पिस्टन नळीतच गंजतो. गंज सोडवायला आणलेला गडी गंजून बसतो, याहून वाईट काय! म्हणून कॉक रोज उघडायचा, आणि कामाला लावण्याआधी हवेच्या तोंडातून एअर टूलच्या तेलाचे चार-दोन थेंब सोडायचे. इंजिन ऑइल नको, ते जाड पडतं आणि झडप चिकटते.

त्याला रिकामा चालवू नये. छिन्नी कशावर तरी दाबून धरल्याशिवाय चाप ओढला तर सगळा मार स्प्रिंगवर बसतो; स्प्रिंग तुटली किंवा पुरती आवळलेली नसली की छिन्नी सुटते. नवशिक्या पोरांना ‘बघू कसा वाजतो’ हे करायचा मोह होतो. तो पहिल्याच दिवशी मोडावा. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे यांत सूट नाही. त्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो, आणि गाडीखालच्या बंदिस्त जागेत तो आणखी अंगावर येतो.

याहून गंभीर गोष्ट कळायला वेळ लागतो. १९१८ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत, डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी हवाई हातोडा चालवणाऱ्या दगडफोड्यांचे हात तपासले. थंडीत त्यांची बोटं पांढरी पडत, बधिर होत. ज्या डाव्या हाताने ते छिन्नी धरत, त्या हाताला त्रास जास्त. कंपनं बोटांतल्या रक्तवाहिन्यांचं आणि नसांचं नुकसान करतात, आणि हा आजार पुढे गेला की मागे फिरत नाही. आज युरोपातल्या नियमांनुसार आठ तासांच्या दिवसाला कंपनाची पातळी २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ५ च्या वर कामगाराला जाऊच द्यायचं नाही. म्हणून चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात कंपनाचा आकडा दिलेला असतो. घावांच्या आकड्याआधी तो वाचावा. झटका शोषून घेणारी मूठ महाग पडते. पण हॅमर चालवणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असतो आणि त्या हातांवर त्याला अजून चाळीस वर्षं काढायची असतात. मालकाने इथे पैसे वाचवू नयेत, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

राहिली त्याच्या सोबत्यांची गोष्ट. छिन्नीचं जे बूड नळीत जातं, त्या शँकचं माप बहुतेक गॅरेज हॅमरमध्ये .४०१ इंच, म्हणजे १०.२ मिलिमीटर असतं. शिकागो न्युमॅटिकच्या सीपी ७१७ सारख्या दांडग्या हॅमरना .४९८ चा शँक लागतो. एकाची छिन्नी दुसऱ्याला चालत नाही, म्हणून आपल्या गावात कुठल्या मापाची बिटं सहज मिळतात ते आधी विचारावं. शँक गोल की षट्कोनी, हेही बघावं: गोल छिन्नी काम करताना फिरते, आणि पत्रा कापताना ते फिरणं त्रासाचं होतं. किटमध्ये फुकट आलेली बिटं बहुधा मऊ निघतात. बोथट हॅमर बिट, सपाट छिन्नी, लांब पंच एवढी तीन चांगल्या पोलादाची घेतली तरी निम्मं गॅरेज चालतं. धार लावताना ग्राइंडरवर टेकवून निळी पडू द्यायची नाहीत. पाण्यात बुडवत, सावकाश.

दुकानात गेलात तर हवा जोडून मागा. सागाचा ओंडका किंवा जाड लोखंडी ठोकळा बऱ्याच दुकानांत असतो. त्यावर बोथट बिट टेकवा, भार द्या आणि चाप शक्य तितका हळू ओढा. सुटे घाव मोजता आले तर खिशात हात घाला. आले नाहीत तर, खोक्यावर काहीही छापलेलं असो, दुसरा दाखवायला सांगा.