पाहायला गेलो होतो

आमच्या वर्ध्याकडे ‘पाहायले जातो’ म्हटलं की दोनच गोष्टी निघतात. सिनेमा, नाही तर पोरगी. ‘स्थळ’ पाहिल्यापासून हे दोन अर्थ माझ्या मनात एकमेकांत अडकून बसले आहेत.

जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट ७ मार्च २०२५ रोजी लागला. त्याआधी २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला होता. पण माझ्यासाठी त्याची थोरवी टोरांटोत नाही, डोंगरगावात आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं हे गाव. तिथल्याच घरांत चित्रीकरण झालं आणि बहुतेक भूमिका त्या भागातल्याच माणसांनी केल्या. आमची बोली पडद्यावर आली की ती हसवायलाच आली आहे असं प्रेक्षक धरून चालतात. कुणी ‘काहून’ म्हटलं, की झाला हशा. इथे त्याच बोलीत एक बाप कापसाच्या भावाची काळजी करतो आणि लेकीच्या लग्नाचीही. थेटरात कुणी हसलं नाही. बोलीला तिचं दुःख परत मिळालं, असं मला त्या अंधारात वाटलं.

सुरुवातीलाच एक स्वप्न आहे. बायका पाहुण्या म्हणून बसल्यात, समोर मुलगा, आणि त्यालाच प्रश्न विचारले जाताहेत. तेव्हा सगळेच मोकळेपणी हसले. मग स्वप्न सरतं आणि तेच प्रश्न त्या लेकीच्या, सवितेच्या वाट्याला येतात. नाव, शिक्षण, उंची. पाहुणे येतात, पोहे खातात, जातात. दुसरे येतात, पुन्हा नाव, शिक्षण, उंची. माझ्या मागच्या रांगेतला एक जण पुटपुटला, “तेच ते दाखवून राह्यले बा.” मला त्याला वळून सांगावंसं वाटलं, की भाऊ, तेच ते हाच तर सिनेमा आहे. आपण दोन तासांत कंटाळलो, तिची वर्षं चालली आहेत. समाजशास्त्र शिकणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी ही पोरगी. तिच्याकडे सांगण्यासारखं किती असेल! विचारलं जातं त्यात त्यातलं काहीच बसत नाही. नंदिनी चिकटेनं ही सविता अशी केली आहे, की तिचं गप्प बसणं मला अजून ऐकू येतं.

घरी आलो आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ पुन्हा लावला. सतीश मनवर यांचा २००९ सालचा चित्रपट. तेव्हा आमचा जिल्हा आत्महत्याग्रस्त म्हणून सरकारी कागदावर चढून तीन वर्षं झाली होती. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले सहा जिल्हे होते, त्यांत वर्धाही. सिनेमात शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय, आता आपल्या नवऱ्याच्या मनात तसलं काही येऊ नये म्हणून अलका पोराला बापाच्या मागे मागे पाठवते, त्याला गोडधोड करून खाऊ घालते. गिरीश कुलकर्णींचा किसना या लाडानं गोंधळतो. त्या घरात हसू आहे, आणि हसूच्या आत भीती. शहरातले मित्र याला उदास सिनेमा म्हणतात, ते मला पटत नाही. पाऊस लांबला की पेरलेलं बी जळतं, पुन्हा उसनवारी करून बियाणं आणायचं, पुन्हा पेरायचं. दुबार पेरणी ज्यानं केली त्याला ठाऊक आहे, की आशेशिवाय कुणी ते करूच शकत नाही.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ही ‘स्थळ’च्याच वर्षी पाहिला. बापाच्या सुतकाचे दहा दिवस आणि गावच्या नातेवाइकांचा तोच एक प्रश्न, लग्न कधी? त्यातल्या आनंदला बायकोच नको आहे, हे त्याची आई जाणते आणि त्याला सांभाळून घेते. त्या आईसाठी मी तो सिनेमा पुन्हा पाहीन.

पण ‘स्थळ’ पाहिला त्या रात्री झोप लागेना ती ‘स्थळ’मुळेच. पंचवीस वर्षांपूर्वी मामेभावासाठी पोरगी पाहायला आम्ही आर्वीकडच्या एका गावी गेलो होतो. पाच पुरुष होतो. भाव पडलेला म्हणून त्यांनी कापूस विकला नव्हता. आतली खोली आढ्यापर्यंत भरलेली, आणि बैठकीतही एका कोपऱ्यात गंजी लागलेली. घरात कापूस भरला की अंगाला खाज सुटते, त्यामुळे आम्ही सारखे मान खाजवत होतो. मुलगी समोर येऊन बसली. मोठ्या माणसांचं तिच्या बापाशी भावावरून बोलणं रंगलं होतं. मधेच कुणाला तरी आठवण झाली, “तुमी काई इचारा ना.” ते मला म्हटलं होतं. आणि मी विचारलं, “उंची किती?”

तिनं सांगितली. किती सांगितली ते मला आठवत नाही. तिला दुसरं काहीच मी विचारलं नाही. ती काय शिकते, कापसाच्या दिवसांत वेचायला जाते का, तिला सिनेमा आवडतो का, काहीच नाही. घरी परतल्यावर मामांनी होकार-नकाराचा निरोपसुद्धा पाठवला नाही. मीही कधी विचारलं नाही, की तिकडे कळवलं का.

त्या दिवशी तिचे वडील आम्हाला एस.टी.च्या फाट्यापर्यंत सोडायला आले होते. गाडीला उशीर होता. ते माझ्या मागे उभे राहिले आणि माझ्या शर्टाच्या पाठीला चिकटलेला कापूस चिमटीनं एकेक वेचून काढू लागले. “गावात जाल त हासतीन लोकं,” म्हणाले. एस.टी. येईपर्यंत ते वेचत होते.