फिरत्या काचेवरचा उष्ट्याचा प्रश्न

नवलाख उंब्र्याच्या एमआयडीसीत माझी पत्रेकामाची शेड आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तिथे चीनहून पत्रा वाकवायचं मशीन आलं आणि ते बसवून द्यायला ग्वांगडोंग प्रांतातले दोन इंजिनिअर आले. थोरले साठीकडे झुकलेले, धाकटा पंचविशीचा. मशीन नीट चालू लागलं तसा थोरल्यांनी दुभाषी मुलीकडून निरोप धाडला: शनिवारी लोणावळ्याला जेवायला या, वहिनींना घेऊन या, आमच्या पद्धतीने जेवू. मी हो म्हणालो आणि पोटात गोळा आला. मी माळकरी. मांसमच्छी वर्ज्य, दारू वर्ज्य. शिवाय कुणाचं उष्टं खायचं नाही आणि आपलं कुणाला द्यायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. चिनी लोक मात्र एकाच ताटलीतून सगळे मिळून खातात, एवढंच ऐकून होतो. बाकी चायनीज म्हणजे माझ्या लेखी गाडीवरचं मंचुरियन. दुभाषी मुलीने तेही काढून घेतलं. म्हणाली, "काका, मंचुरियन मुंबईचं. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास ते पहिल्यांदा केलं. चीनमध्ये ते मिळायचं नाही."

तिनेच चॉपस्टिकचे दोन जोड आणून दिले आणि धरायचं कसं ते दाखवलं. खालची काठी अंगठ्याच्या बेचक्यात ठेवायची, अनामिकेवर टेकवायची आणि अजिबात हलवायची नाही. वरची पेनासारखी धरायची. हलते ती तेवढीच. ऐकायला सोपं. घरी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बासमतीचा भात करून बसलो. दाणा उचलला की घसरला, उचलला की घसरला. ताटाभोवती सडा पडला. "हाताला काय धाड भरलीय?" असं म्हणत बायको भात पुसत होती. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीचा इंद्रायणी केला आणि काय सांगू, काठ्यांच्या चिमटीत भाताचा गोळा अलगद वर आला! हा तांदूळ आमचा, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झालेला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलेला. मऊ, चिकट आणि वासाचा. चीनमध्ये रोजच्या जेवणात खातात तो भातही बहुतेक ठिकाणी असाच दाण्याला दाणा धरणारा असतो. काठ्यांनी भात खाता येतो याचं अर्धं श्रेय भातालाच आहे, हे मला माझ्याच चुलीवर कळलं.

निघताना मुलीने एकच गोष्ट बजावली. "काका, काही चुकलं तरी चालेल, पण काठ्या भातात उभ्या रोवू नका. तिकडे मेलेल्या माणसापुढे भाताच्या वाडग्यात उदबत्त्या उभ्या लावतात." बायकोला लगेच उमगलं. "म्हणजे पिंडाचा भात," ती म्हणाली. हा नियम मला पुन्हा सांगावा लागला नाही.

लोणावळ्यात धो धो पाऊस. हॉटेलच्या आतल्या खोलीत गोल टेबल, त्यावर फिरणारी जाड काच. मी सवयीने दाराजवळची खुर्ची धरली. थोरल्यांनी दंडाला धरून उठवलं. दाराकडे पाठ करून बसणं म्हणजे शेवटचा मान. दाराकडे तोंड असलेली समोरची जागा मुख्य यजमानाची आणि त्याच्या उजव्या हाताची पाहुण्याची. "नको, नको," मी म्हणालो. "बसा, बसा," ते म्हणाले. पंगतीत मानाच्या पाटावरून चालते तीच ओढाताण. शेवटी हरलो आणि बसलो.

मग चहा आला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. थोरल्यांनी तो पेल्यात ओतला, वाडग्यात ओतला, त्यातच काठ्यांची टोकं बुडवून विसळली आणि सगळं एका मोठ्या भांड्यात ओतून दिलं. ग्वांगडोंगकडची ही रीत आहे: जेवण्याआधी आपली भांडी आपणच गरम चहाने धुवायची. ज्याला उष्ट्याखरकट्याची धास्ती, त्याला याहून मोठा दिलासा कुठला? दुसऱ्यांदा चहा ओतला तो प्यायला, आणि धाकट्याने दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच ठोकली. ते आभार मानणं. अठराव्या शतकातला छिएनलाँग बादशहा वेषांतर करून हिंडत होता, त्याने स्वतः नोकरांना चहा ओतून दिला. साष्टांग नमस्कार घातला तर बिंग फुटणार, म्हणून त्यांनी बोटांनाच गुडघे टेकायला लावले, अशी तिकडची दंतकथा. तोंडात घास असताना बोलावं लागत नाही, हा या खुणेचा रोजचा उपयोग. मला ही रीत इतकी आवडली की कुणी मीठ पुढे केलं तरी मी टेबल ठोकू लागलो. मुलीने हळूच सांगितलं, "काका, चहापुरतंच."

पदार्थ काचेवर आले. माझ्यासाठी मुद्दाम केलेलं टोफू, आलं घातलेली पालेभाजी, मशरूम, वांगं. "हे जेवणात साधूंसारखे आहेत," एवढं मुलीने सांगितल्यावर त्यांना पुढचं काही विचारावं लागलं नाही. बौद्ध मठांमुळे शाकाहार तिथे जुना आहे. काच हळूहळू घड्याळाच्या दिशेने फिरते. जे समोर येईल त्यातून आपल्या बाजूचं घ्यायचं, ताटलीत उकरत बसायचं नाही, आणि कुणी घेत असेल तर काच फिरवायची नाही. हे सगळं पटलं. पण धाकट्याने तोंडात घातलेल्या काठ्या वांग्याच्या ताटलीत घातल्या आणि माझा हात थांबला. तो काही गैर करत नव्हता. जेवताना त्याचा हात खरकटा झालाच नव्हता. आपल्याकडे उजवा हात खरकटा होतो म्हणून डाव्याने वाढून घेतो. तिथे खरकटी होतात ती फक्त काठ्यांची टोकं. तरीही माझा घास पुढे जाईना.

थोरल्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी वाढप्याकडून जास्तीचे जोड मागवून प्रत्येक ताटलीत एकेक ठेवला. हे जोड वाढून घेण्यासाठीच, तोंडाला लावायचे नाहीत. त्यांना म्हणतात गोंगक्वाई, म्हणजे सार्वजनिक काठ्या. तेव्हा जिवात जीव आला. पुढे मुलीनेच या रीतीमागची गोष्ट सांगितली. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने साठेक हजार माणसं गेली. तो आटोक्यात आणणारे डॉक्टर वू लिएनतेह यांनी नंतर जेवणाच्या टेबलाकडे लक्ष वळवलं. एकाच ताटलीत सगळ्यांच्या काठ्या गेल्या की रोग पसरतो, म्हणून मध्ये फिरतं तबक ठेवा आणि प्रत्येक पदार्थाला त्याचा स्वतंत्र चमचा किंवा काठ्या द्या, असं त्यांनी सुचवलं. १८९७ चा प्लेग पुणे जिल्ह्याने भोगला आहे. उष्टं न खाण्याचा आपला दंडक आणि एका डॉक्टरची ती सूचना एकाच टेबलावर भेटली याचा मला मनापासून आनंद झाला.

आता भात. तो निघाला बासमती, मोकळा फडफडीत. घरची सगळी तालीम वाया. थोरल्यांनी वाडगं डाव्या हाताने उचलून ओठांना लावलं आणि काठ्यांनी भात आत सारला. आपल्याकडे ताट तोंडाला लावलं तर आजी पाठीत धपाटा घालेल. तिथे वाडगं टेबलावर ठेवून त्यावर वाकणंच वाईट दिसतं. तसं जेवलो आणि पोटभर जेवलो. मधल्या वेळात त्यांच्या पुढ्यात अख्खा मासा आला, डोकं मुख्य पाहुण्याकडे म्हणजे माझ्याकडे करून ठेवलेला. मी हात जोडले. एक बाजू खाऊन झाल्यावर तो उलटा केला नाही, मधला काटा उचलून खालची बाजू घेतली. तिकडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत मासा उलटवणं म्हणजे होडी उलटवणं.

'गानबेइ'ची, म्हणजे पेले उंचावून दारू प्यायची वेळ आली तेव्हा मला घाम फुटला. पण त्यालाही वाट आहे. दारूऐवजी चहाचा पेला उचलायचा. त्यात कुणाला कमीपणा नाही. फक्त आपल्या पेल्याची कड वडीलधाऱ्याच्या पेल्याच्या कडेखाली धरायची. मी माझा खाली नेला, थोरल्यांनी त्यांचा आणखी खाली, आणि दोन्ही पेले जवळजवळ टेबलाला टेकले. त्यांनी नाव घेतलं ते "ख दीह्वा". मुलीने सांगितलं, आपले द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे, १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले, वयाच्या ३२ व्या वर्षी. थोरल्यांनी शाळेच्या पुस्तकात त्यांच्याविषयी वाचलं होतं. मी फक्त शांतारामबापूंचा सिनेमा पाहिलेला.

बिलावरून गल्ल्यापाशी झोंबाझोंबी झाली. आपल्यासारखीच, मनापासून.

मग त्यांना वडगावला घरी बोलावलं. केळीचं पान, भरली वांगी, पुरणपोळी, कटाची आमटी, इंद्रायणी भात. थोरल्यांनी हाताने जेवायचा हट्ट धरला. धाकट्याने काठ्या काढल्या आणि आमचा भात सहज उचलू लागला. बायको वाढत होती. धाकट्याने पान चाटूनपुसून लख्ख केलं. थोरल्यांनी मात्र शेवटी घासभर भात आणि पोळीचा तुकडा ठेवला. बायकोचा चेहरा पडला. पानात टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान. मुलगी मध्ये पडली: जुन्या चिनी रीतीप्रमाणे पान रिकामं केलं तर यजमानाने पोटभर वाढलं नाही असं होतं, थोडं ठेवलं की तृप्ती कळते. मग धाकटा? तो नव्या पिढीचा. २०१३ पासून तिकडे ताटली रिकामी करायची मोहीमच चालू आहे. दोघंही आपापल्या परीने शिष्टाचारच पाळत होते.

२०२० च्या जानेवारीत ग्रेट वॉल मोटर्स तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेणार अशी बातमी आली, तेव्हा ओळखीपाळखीचे लोक मला काठ्या कशा धरायच्या ते विचारायला येत. तो व्यवहार २०२२ मध्ये बारगळला आणि पुढे कारखाना ह्युंदाईकडे गेला. पण काठ्यांचा विषय तिथे संपला नाही. कोरोनाच्या पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, चीनच्या शहरांनी सार्वजनिक काठ्यांचा नेटाने प्रचार केला. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तिथे अन्न वाया घालवण्याविरुद्ध कायदाच झाला. पानात फार टाकणाऱ्या गिऱ्हाइकाकडून हॉटेलवाला आता जादा पैसे मागू शकतो. ही बातमी मी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "थोरल्यांना कळवा."