कुठला पाय?

अब्बांचा टांगा मिरज स्टेशन ते दर्गा असा चालायचा. सकाळी जुंपण्याआधी ते मला दोर धरून घोड्यासोबत फरशीवर पळायला लावत आणि स्वतः डोळे मिटून टापा ऐकत. चारही सारख्या वाजल्या तरच टांगा निघे. नाही तर त्या दिवशीची कमाई बुडाली. अम्मी काही बोलत नसे, पण भांडी आपटायची.

तेच कान घेऊन मी अबू धाबीला सईस म्हणून गेलो. तिथं हिवाळ्यात अल वथबाच्या वाळूत 120 ते 160 किलोमीटरच्या घोड्यांच्या शर्यती होतात. प्रत्येक टप्प्यानंतर पाणी मारून घोडा थंड करायचा, ठरलेल्या वेळात नाडी 64 पर्यंत उतरवायची, मग डॉक्टरांसमोर सैल दोरीनं दुडकी पळवून दाखवायचा. लंगडला की बाद. पहिला येऊनही शेवटच्या तपासणीत लंगडला, तरी बाद.

2006 साली माझ्याकडे एक करडी अरबी घोडी होती. दोन टप्पे झाले, नाडी उतरली, डॉक्टरांनी पास केली. विश्रांतीनंतर फिरवायला काढली आणि मला टापांत फरक वाटला. पुढचा पाय दुखत असला की तो टेकताना घोडा मान वर घेतो, चांगल्या पायावर खाली आणतो. इथं मान जेमतेम हलत होती, तीही वळणावर. खूर साफ केला, खडा नव्हता. नाल घट्ट. नळीच्या हाडामागची शीर चाचपली. डावीकडची किंचित गरम वाटली. पण त्या उन्हात गरम काय नव्हतं? आणि वर सारखं पाणी ओतलेलं, हाताचा तरी काय भरवसा! पुठ्ठ्यात गोळा आला असता तर चोळून, चालवून सुटला असता. हे सुटेना.

"डॉक्टरनं पास केली ना?" ट्रेनर म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. डॉक्टर मिनिटभर बघतो, पावलागणिक दिसेल तेच लंगडणं धरतो. मी तिला दोन हंगाम बघत होतो. पण माझा व्हिसा त्याच तबेल्याचा, आणि मिरजेत बहिणीचा निकाह ठरलेला. बेजुबान जनावर; त्याच्या वतीनं खोटं बोललो असतो तरी कुणाला कळलं नसतं. निघायला काही मिनिटं उरली होती. मी दोर सोडला नाही. "काढून घ्या," म्हणालो. स्वारानं शिवी हासडली आणि खोगीर उतरवलं.

दुसऱ्या दिवशी घोडी सरळ चालली. सोनोग्राफीत काही निघालं नाही. महिन्याभरात मला घोड्यांवरून काढून उंटांकडे पाठवलं. मी तिचा पाय वाचवला की नुसती शर्यत घालवली, हे आजही मला सांगता येत नाही.

फोनवर अब्बांना सगळं सांगितलं. नोकरीचं त्यांनी विचारलंच नाही.

"कौन सा पाँव रे?"

"अगला. बायाँ."

"रात को खड़े-खड़े वो पाँव आगे टेकती थी क्या?"

रात्री मी तबेल्यात गेलोच नव्हतो.