मापाचा कोट

कोट अंगाला कसा बसावा हे आपल्या पोरांना कळलं पाहिजे. कवितेची ओळ कुठं तोडावी यावर आपण रात्ररात्र भांडतो आणि लग्नाला, मुलाखतीला, १४ एप्रिलच्या मिरवणुकीला दुसऱ्याच्या मापाचा कोट अडकवून जातो. मी गिरणीत रिंग खात्याला आहे. कापूस, पेळू, सूत हे माझं रोजचं. शाळा मध्येच सुटली, पुढचं वाचन आपलं आपणच. पण कापडाबद्दल बोलायचा हक्क मला आहे, असं मी समजतो.

पहिली गोष्ट खांदा. आपलं हाड जिथं संपतं तिथंच कोटाचा खांदा संपला पाहिजे. पुढं गेला तर बाहीच्या वरच्या अंगाला खळगा पडतो, अलीकडं राहिला तर बाही दंडावर ताणते. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पॅन्टची मोहरी बदलता येते. खांदा बिघडला तर अख्खा कोट उसवावा लागतो, आणि ते काम कुठलाच शिंपी खुशीनं घेत नाही.

मग गळा. कोटाची कॉलर मागून शर्टाच्या कॉलरला टेकून बसावी, मधे फट नको. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या आल्या तर कोट तंग. बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी, तिच्याखाली शर्टाचा अर्धा इंच दिसावा. कोटाची लांबी बूड झाकेल इतकी. पॅन्ट बुटावर एकदा हलकी मोडावी, गोळा होऊ नये. दोन बटणांचा कोट असेल तर खालचं बटण उघडंच ठेवायचं.

शहरातला कारकुनाचा पोरगा हे बापाकडनं शिकतो. आपला बाप कुठनं शिकवणार? त्याच्या बापाला मापाचं कापड कधी मिळालं?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय घालावं ते लिहून ठेवलंय. मेलेल्या माणसांची वस्त्रं. म्हंजे जिवंत माणसानं मढ्याच्या मापात जगायचं. ते पुस्तक आमच्या महाडात २५ डिसेंबर १९२७ ला जाळलं. त्याच्या नऊ महिने आधी, २० मार्चला, बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले होते. त्या डिसेंबरच्या परिषदेत ते बायकांशी कपड्यांबद्दल बोलले. लुगडं आखूड नेसू नका, वरच्या जातीच्या बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा. जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका. कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. पाण्याचा लढा पेटलेला असताना हा माणूस लुगड्याच्या लांबीवर बोलतो, याचं मला आधी नवल वाटायचं. आता वाटत नाही. बाई पाणवठ्यावर पोचायच्या आधीच लांबून ओळखू यायची, ती नेसण्यावरनंच ना?

माझा आजा पोलादपूरकडचा. तो त्याच्या बापाचं सांगायचा. "शिंपी टेप लावायचा न्हाई. लांबनं बघायचा आन् कातरायचा. बंडी कुठं तटायची, कुठं लोंबायची." माप घ्यायचं तर अंगाला हात लावावा लागतो. पाठीवर, काखेत, कंबरेला. विटाळ मानणारा हात तिथं कसा पोचेल? अस्पृश्यता मानून कुणाला सेवा नाकारणं हा गुन्हा ठरला १९५५ च्या कायद्यानं. कागदावर तरी शिंप्याची टेप त्या साली आमच्या छातीपर्यंत आली.

त्याच्या आधी शिवलेला कोट आमच्या मुलखात यायचा तो बहुतेक पलटणीच्या वाटेनं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीत होते. १८८६ ला निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. पुढं इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. बापाच्या अंगावरचा कोट पोराच्या अंगावर यायची वाट तिथं तुटली.

आज महाड-पोलादपुरात लग्नसराईला कोट भाड्यानं मिळतो. मी भाड्याच्या कोटाला हसत नाही. ज्याच्या खिशात जेवढं, त्यानं तेवढं करावं. पण नवरदेवाकडं नीट बघा. फोटोत छाती बरोबर दिसावी म्हणून पाठीमागं कापड गोळा करून चिमटे लावलेले असतात. तो वाकत नाही. हात वर करत नाही. आपल्याच लग्नात पाहुण्यासारखा जपून बसतो.

गेल्या वर्षी बहिणीच्या लग्नाला ओव्हरटाइमच्या पैशांतून मी सूट शिवला. शिंपी म्हातारा, हात सावकाश. टेप दोन्ही खांद्यांवरून फिरवली, थांबला, परत फिरवली.

"उजवा खांदा उतरलाय रे तुझा. काय उचलायचास?"

"सिमेंटच्या गोण्या, काका. गिरणीत लागायच्या आधी चार वर्षं."

त्यानं वहीत लिहिलं, उजवा अर्धा इंच खाली. म्हणाला, "त्या बाजूला पॅड थोडं जाड घालतो. बघणाऱ्याला कळणार नाही."

मी म्हटलं, "कळलं तरी चालेल, काका. तटलं नाही पाहिजे."

त्या अर्ध्या इंचावर मी बरेच दिवस विचार करत होतो. तयार कोटावर आकडा असतो, ३८, ४०, ४२. तो आकडा धरून चालतो की दोन्ही खांदे सारखे असतात. ओझं वाहिलेल्या माणसाचे ते नसतात. ठेकेदाराच्या वहीत माझ्या गोण्या होत्या, मी नव्हतो. माझ्या अंगावर त्या गोण्यांनी काय केलं, हे पहिल्यांदा लिहून घेतलं ते शिंप्यानं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मुंढा. म्हंजे बाही जिथं जोडतात ते भोक. माणसाला वाटतं मुंढा मोठा, सैल असला की हात मोकळा राहील. उलटं आहे. मुंढा खाली उतरलेला असला की हात वर केल्यावर अख्खा कोट वर येतो, कॉलर मानेपासून सुटते. मुंढा लहान आणि काखेच्या जवळ असला तर हात वर जातो आणि कोट जागच्या जागी राहतो. तयार कोटात मुंढा बहुतेक मोठाच काढतात, कारण एकच कोट दहा जणांना बसवायचा असतो. मापाचा कोट एकालाच बसवायचा असतो.

गावोगावी बाबासाहेबांचा पुतळा बघा. अंगात सूट आणि हात वर. त्यांचे कोट नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपून ठेवलेत. लोक विचारतात, गरिबांच्या पुढाऱ्याला सूट कशाला? १९२१ साली गांधींनी पंचा घेतला आणि १९३१ च्या गोलमेज परिषदेला लंडनातही ते तसेच गेले. बाबासाहेब सुटात होते. ज्याच्या घरी कपडे होते त्याला ते उतरवता आले. ज्याच्या पूर्वजांना अंगभर नेसू दिलं नाही, त्यानं काय उतरवायचं?

आणि हे जुनं झालं असं म्हणू नका. २०२३ साली गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणानं चांगले कपडे घातले, गॉगल लावला म्हणून त्याला मारलं, अशी तक्रार पोलिसांत नोंदली गेली. कापड कुठपर्यंत असावं हे ठरवणारे अजून आहेत.

म्हणून दोस्तहो, पैसे साठवा आणि एक तरी कोट आपल्या मापाचा शिवा. कच्च्या शिलाईवर ट्रायल घ्या. आरशापुढं ताठ उभं राहून समाधान मानू नका, ताठ तर दुकानातला पुतळाही उभा असतो. बसून बघा. वाकून बघा. मग घोषणा देताना करतो तसा हात सरळ वर करा. कोट वर सरकला तर तिथंच शिंप्याला सांगा, मुंढा बदला. लाजू नका. मजुरी आपण देतोय.