आमचें जुनें विमान

ज्या शाळेच्या बाकांवर बसून आम्ही शिकलों, तिच्या वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहून पाठवावें, असें संपादकांचें पत्र आलें, तेव्हां आम्हांस आनंद झाला, तसा संकोचही वाटला. आम्ही लेखक नव्हे. नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहावें आणि सुटीच्या दिवशीं एका जुन्या विमानाची डागडुजी करीत बसावें, हा आमचा क्रम. परंतु त्या विमानानें आम्हांस जो एक धडा शिकविला, तो विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडीलमंडळींस सांगण्याजोगा आहे. तेवढ्याच बळावर ही लेखणी उचलली आहे.

ह्या विमानाची जात टायगर मॉथ. इंग्लंडांतील डी हॅविलंड कारखान्यानें तें निर्मिलें व त्याच्या पहिल्या नमुन्यानें २६ ऑक्टोबर १९३१ रोजीं उड्डाण केलें. दुसऱ्या महायुद्धांत हजारों तरुण ह्याच विमानावर उडावयास शिकले. त्यांत आपल्या देशांतील तरुणही होते. मागणी एवढी वाढली कीं, ऑक्सफर्डजवळ काउली येथील मोटारींच्या कारखान्यांतही हीं विमानें बनूं लागलीं. आमचें विमान तेथलेंच. जे. आर. डी. टाटा ह्यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टपाल घेऊन कराचीहून येऊन जें विमान मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविलें, तें पस मॉथ. म्हणजे ह्याच घराण्यांतलें. पुढें १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं तोच प्रवास लेपर्ड मॉथ ह्या त्याच घराण्यांतील जुन्या विमानांतून पुन्हां केला. एवढें जुनें विमान उडूं शकलें, ह्याचा अर्थ मधल्या काळांत कोणीतरी त्याची निगा राखिली होती. उडणाऱ्याचें नांव लोकांच्या ध्यानांत राहतें. निगा राखणाऱ्याचें राहत नाहीं.

आम्हांस आमचें विमान एका शेतकऱ्याच्या कोठारांत सांपडलें, तेव्हां त्यास विमान म्हणण्यास धाडसच हवें होतें. चारही पंख भिंतीशीं टेकून उभे, त्यांवरील कापड फाटून लोंबत असलेलें, धडांत उंदरांनीं संसार थाटलेला, आणि इंजिन एका खोक्यांत निजलेलें! "एवढ्या पैशांत चांगली मोटार आली असती," असें मित्र म्हणाले. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें.

टायगर मॉथला वर दोन व खालीं दोन असे पंख असतात. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा. पंख मात्र लांकडाचे. प्रत्येक पंखांत स्प्रूस नांवाच्या हलक्या व सरळ रेषांच्या लांकडाच्या दोन लांब तुळया आणि त्यांवर ओळीनें बसविलेल्या नाजूक बरगड्या असतात. ह्या सांगाड्यावर कापड चढवून तें मेण लावलेल्या दोऱ्यानें बरगडी-बरगडीस शिवावयाचें. मग त्यावर डोप नांवाच्या रोगणाचे हात द्यावयाचे. डोप वाळूं लागला कीं, कापड आपोआप आंवळून मृदंगाच्या पुडीसारखें ताठ होतें. पुढें चार सिलिंडरांचें, १३० अश्वशक्तीचें जिप्सी मेजर इंजिन उलटें टांगलेलें असतें. चाकांस ब्रेक नाहींत. इंजिन सुरू करावयाचें तर एकानें पुढें उभें राहून लांकडी प्रॉपेलर हातानें फिरवावा लागतो.

ह्या साऱ्यांत खरी मेख आहे ती सांध्यांची. जुन्या काळच्या लांकडी विमानांत दुधांतील केसीनपासून केलेला सरस पुष्कळ वापरीत. दमट हवेंत तो कुजतो आणि सांधा आंतल्या आंत सैल होतो. म्हणून पंख बाहेरून कितीही देखणा असला, तरी कापड काढून आंतलें लांकूड पाहिल्यावांचून त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं. आम्हीं कापड काढलें, तेव्हां एका बरगडीवर शिसपेन्सिलीनें लिहिलेलीं दोन इंग्रजी अक्षरें दिसलीं. युद्धकाळीं अशा कारखान्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येनें काम करीत. तीं अक्षरें एखाद्या मुलीचींही असतील. तिचे सांधे इतक्या वर्षांनींही शाबूत होते. तीं अक्षरें आम्हीं पुसलीं नाहींत.

मालकानें स्वतःच्या हातानें काम करण्यास तेथें मुभा आहे; परंतु अधिकृत तपासनीसानें तें पाहून नोंदवहींत सही केल्यावांचून विमान उडवितां येत नाहीं. कापड चढविण्यापूर्वीं पंखाची तपासणी व्हावी लागते, कारण मागाहून आंतलें कांहींच दिसत नाहीं. सुकाणूच्या तारा सोडल्या, तर त्यांची जोडणी दोन माणसांनीं एकमेकांवर न विसंबतां तपासावयाची असते. ही सक्ती उगीच नव्हे. डिसेंबर २०१३ मध्यें ऑस्ट्रेलियांत गोल्ड कोस्टजवळ एका टायगर मॉथचा पंख हवेंत निखळला आणि आंतलीं दोन्हीं माणसें प्राणांस मुकलीं. खालच्या पंखांना धडाशीं जखडून ठेवणाऱ्या आडव्या सळया, आट्यांपाशीं, धातूच्या थकव्यानें तडकून तुटल्या होत्या, असें चौकशींत निघालें. सळई ती केवढी, आणि तिच्यावर दोन जिवांचा भार!

सरसाच्या बाबतींत एक जुनी व शहाणी पद्धत आहे. सरस कालविला कीं, त्याच लांकडाचे दोन तुकडे त्याच सरसानें जोडून, वर तारीख घालून बाजूस ठेवावयाचे. सरस वाळल्यावर तो जोड मोडून पाहावयाचा. लांकूड फाटलें, तर सांधे चांगले. लांकूड अभंग राहून सरसच सुटला, तर त्या दिवशींचे सारे सांधे वाईट. आम्ही हें नित्य करीत असूं.

चौथ्या वर्षीं, जून महिन्यांत, पंख तपासून झाले होते. सारे तुकडे मोडून पाहिले, असें आम्हीं तपासनीसांस सांगितलें होतें आणि आम्हांस तसें वाटतही होतें. जुलैंत विमान उडावयाचें, कारण आमचे वडील त्यासाठींच हिंदुस्थानांतून सहा आठवडे आमच्याकडे आले होते. वय ७४, आयुष्य एस. टी. च्या कार्यशाळेंत फिटर म्हणून गेलेलें. पुढच्या जागीं बसून एकदां उडावें, एवढीच त्यांची हौस होती.

कापड चढविण्याच्या आदल्या सायंकाळीं आम्हीं शेडमधील फळी झाडली, तों तिच्या मागें एक तुकडा पडलेला मिळाला. त्यावर फेब्रुवारींतील एक तारीख होती. ती रात्र आम्हांस आठवली. कडाक्याची थंडी होती आणि शेगडींतील तेल केव्हां संपलें, तें आम्हांस कळलें नव्हतें. सरसास तर वाळतांना ठराविक ऊब लागते. आम्हीं तो तुकडा हातांनीं वांकविला. तो कट् असा वाजला आणि दोन्हीं लांकडें अगदीं स्वच्छ, गुळगुळीत वेगळीं झालीं. त्या रात्रीं खालच्या डाव्या पंखांत आम्हीं चौदा सांधे जोडले होते.

शेडमध्यें आम्ही एकटे होतों. वहींत सही झालेली होती. तो तुकडा शेगडींत टाकला असता, तर जगांत कोणास पत्ता लागला नसता. मनानें वकिली सुरू केली: पंखांतले सांधे तुकड्याहून बरे असतील, तपासनीसांनीं ठोकून पाहिलेच आहेत, वडील पुन्हां एवढा प्रवास करतील काय? आम्हांस सांगण्यास लाज वाटते कीं, तो तुकडा खिशांत घालून आम्ही घरीं गेलों आणि जेवण होईपर्यंत कांहीं बोललों नाहीं.

जेवणानंतर दोन्हीं लांकडें आम्हीं वडिलांपुढें ठेविलीं. त्यांनीं चष्मा लावून सरसाच्या बाजूवरून बोट फिरविलें.

"असे किती सांधे?" त्यांनीं विचारलें.

"चौदा, बाबा."

"मग चौदाही उघडायचे. झोप आतां. सकाळीं त्या साहेबांना आधीं सांग."

"पण तुमचं उडणं राहील."

"मी एस. टी. ची गाडी सोडतांना आंत कोण बसलंय तें कधीं पाहिलं नाहीं," ते म्हणाले. "ब्रेक पाहिला."

तपासनीसांनीं आपली सही रद्द केली. ते रागावले नाहींत. मात्र फळीमागें तुकडा पडूं शकतो, तेथें फळी ठेवूं नये, एवढें म्हणाले. पुढील पांच आठवडे वडील रोज आमच्याबरोबर शेडमध्यें येत. कांहीं सांधे सहज सुटले. कांहीं इतके घट्ट निघाले कीं, ते सोडवितांना बरगड्या मोडून नव्या कराव्या लागल्या. वडील धारदार पटाशीनें जुना सरस खरवडीत व मधून मधून तिला दगडावर पाणी देत. उडावयास आलेला माणूस पंख उकलीत बसला, ह्याचें त्यांस कांहींच वाटलें नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. एकदां शेजारच्या मैदानावरून दुसरें एक टायगर मॉथ उडालें, तेव्हां ते पटाशी थांबवून तें दिसेनासें होईपर्यंत पाहत राहिले होते.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं त्यांच्या हातांत पेन्सिल दिली. त्यांनीं एका नव्या बरगडीवर आपलीं मराठी आद्याक्षरें व तारीख लिहिली. नंतर त्यावर कापड चढलें, डोपचे हात बसले आणि तीं अक्षरें झांकून गेलीं.

विमान ऑक्टोबरांत उडालें. पहिलें उड्डाण एका अनुभवी वैमानिकानें केलें; त्यानंतर आमची पाळी आली. टायगर मॉथ एकट्यानें उडवावयाचें तर मागच्या जागेवरून. पुढच्या जागेचे पट्टे बांधून टाकलेले आमच्या डोळ्यांसमोर होते. वळण घेतांना डावा पंख खालीं गेला. त्याकडे पाहून आम्हांस भय वाटलें नाहीं.

आतां डॉक्टरांनीं वडिलांस लांबचा प्रवास वर्ज्य सांगितला आहे, तेव्हां त्यांची हौस राहिली ती राहिलीच. ह्याचें आम्हांस दुःख आहे. परंतु त्या रात्रीं तुकडा जाळून त्यांस आम्ही वर नेलें असतें, आणि कांहीं अपघातही झाला नसता, तरी त्यांच्याकडे पुन्हां सरळ पाहण्याचें धैर्य आम्हांस कोठून आलें असतें?

विद्यार्थिमित्रांनो, वाळूवर बांधलेल्या घराचा शुभवर्तमानांतील दृष्टान्त आपण शाळेंत ऐकिलाच असेल. ऊन असतांना दोन्हीं घरें सारखींच दिसतात. आपल्या वह्यांतहि असे सांधे असतात: न समजतां पाठ केलेला सिद्धान्त, शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरलेलें उत्तर. त्यांवर चांगल्या गुणांचें कापड चढतें आणि शिक्षकांची सहीही होते. तो तुकडा फळीमागून तुम्हांलाच सांपडेल, तेव्हां आसपास कोणी नसेल. तो घरीं न्या आणि वडिलांपुढें ठेवा.