इंजिन ठणठणीत आहे

आमची गाडी २०११ची, डिझेल. अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती नाशिकला एका ओळखीच्या माणसाकडून घेतली. तेव्हाच ती पावणेदोन लाख किलोमीटर पळालेली होती. आता आकडा २ लाख १४ हजारांवर आहे. त्र्यंबकच्या पावसात ती चार महिने उघड्यावर भिजते. आईच्या गुडघ्यांसाठी नाशिकच्या डॉक्टरकडे जाणं, बहिणीला आणणं-पोचवणं आणि रात्री-अपरात्री गल्लीतल्या कुणाला दवाखान्यात नेणं, हे सगळं त्याच गाडीवर चालतं.

गेल्या श्रावणात मी पुण्याहून चार दिवस घरी आलो होतो. अण्णा न्यायला आले. सातपूर मागे पडलं, रहदारी कमी झाली आणि अंजनेरी फाट्याच्या अलीकडे मी काच खाली केली, तर पुढून आवाज येत होता. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा.

"अण्णा, हा आवाज कधीपासून येतोय?"

"कसला आवाज?"

"खडखड येतेय की पुढून."

त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून गिअरच्या दांड्यावर ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला. "काही नाही," ते म्हणाले. "इंजिन ठणठणीत आहे."

मला राग आला. हे नेहमीचंच. फोनवरही असंच. मी काहीतरी सांगत असतो आणि पलीकडून "हं, हो, बरं" येत राहतं. डिसेंबरात मला बढती मिळाली ती बातमी दिली, तर म्हणाले, "हो, थंडी आहे इकडं." या माणसाला आपल्या कामाशी काही देणंघेणं नाही, असा निष्कर्ष मी काढून मोकळा झालो होतो.

मी सॉफ्टवेअरवाला. बिघाड शोधायचा म्हणजे आधी नोंदी गोळा करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन सुरू करून मोबाइलवर आवाज टिपला. गार असताना, तापल्यावर, क्लच दाबून, सोडून. या प्रत्येकाला अर्थ असतो. क्लच दाबल्यावर आवाज गेला, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. दाबल्यावर सुरू झाला, तर क्लचच्या बेअरिंगवर. सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबली, तर टायमिंग चेन. अनेक इंजिनांत चेन ताणून धरणारा भाग ऑइलच्या दाबावर चालतो आणि दाब चढेपर्यंत ती सैल असते. आवाजाची गतीही बोलते. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे ८०० आरपीएमला क्रँक सेकंदाला तेरा फेऱ्या मारतो, तर कॅम साडेसहा. टकटक मोजता आली, तर ती कुठल्या मजल्यावरची हे कळतं.

माझ्या टकटकीला गतीच नव्हती. लॅपटॉपवर आलेख काढला, तर ३,००० ते ६,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात नुसता कल्लोळ. क्लचचा काही संबंध नाही. आरपीएम १,५०० च्या वर नेलं की आवाज गायब, २,२०० ला परत हजर. नाशिकच्या एका गॅरेजला रेकॉर्डिंग पाठवलं. "चेन गेलीय, पस्तीस हजार धरून चला," असं उत्तर आलं. तिसरा सोमवार दोन दिवसांवर आला होता. प्रदक्षिणेची गर्दी लोटली की गाडी गावाबाहेर काढणं मुश्किल. म्हणून आधी गावातल्या मिस्त्रीला दाखवू, असं अण्णाच म्हणाले.

मिस्त्रीने रेकॉर्डिंग ऐकलंच नाही. लांब पेचकस घेतला, मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनच्या झाकणावर टेकवलं. लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप निघाला. हा त्याचाच गॅरेजमधला भाऊबंद. झाकण, चेनची बाजू, पंप, अल्टरनेटर. "वर सगळं साफ," म्हणत तो गाडीखाली शिरला आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने काहीतरी दाबलं. खडखड बंद. दांडा काढला, सुरू. दाबला, बंद.

सायलेन्सरच्या पाइपची उष्णता वर लागू नये म्हणून एक पातळ पत्रा असतो. त्याच्या बोल्टची भोकं गंजून मोठी झाली होती आणि इंजिनच्या ठरावीक वेगाला तो पत्रा थरथरत होता. पस्तीस हजारांचं काम एका मोठ्या क्लिपवर आणि दहा मिनिटांवर आलं. मी हसायला लागलो. मिस्त्रीही खालून हसत, मुद्दाम दांडा दाबून-सोडून आवाज बंद-चालू करून दाखवत होता.

अण्णाही हसले. पण जरा उशिरा. आवाज थांबल्यावर नव्हे, तर माझ्याकडे बघितल्यावर.

मी मिस्त्रीला म्हटलं, "परत एकदा करा." या वेळी चेहरा कोरा ठेवला. खडखड थांबली, सुरू झाली, थांबली. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

अण्णांनी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढली. पत्रा कापणं, वाकवणं, भोकं पाडणं. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ९० डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास चालतात, १०० डेसिबलला फक्त २. कानात घालायचे बोळे त्यांना मिळायचे, ते खिशात राहायचे. का, असं मी नंतर विचारलं. "बोळा घातला की मशीनचा आवाज बदललेला कळत नाही," ते म्हणाले. "आणि तो नाही कळला तर बोट जातं." त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत.

नाशिकला कान तपासले. आलेखाची रेघ डावीकडे ठीक, मग घसरत ४,००० हर्ट्‌झला खड्ड्यात आणि पुढे थोडीशी वर. सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाची ती ओळखीची खूण. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. घणघण, धडधड ऐकू येते. स, श, फ, ट अशा व्यंजनांचा बारीक भाग मात्र हरवतो. त्यात साध्या फोनवर परंपरेने ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज पलीकडे जातो. म्हणजे माझ्या वाक्यांतले स्वर अण्णांना मिळत होते आणि व्यंजनं ते अंदाजाने भरत होते. डिसेंबरात फोन म्हणजे थंडीचीच चौकशी असणार, हा अंदाज तसा वाईट नव्हता.

गाडीत मात्र ते बरोबर होते. बेअरिंग गेलं असतं तर तो ठोका त्यांच्या हाताला कळला असता. हात ठेवून ते म्हणाले होते इंजिन ठणठणीत आहे, आणि ते ठणठणीतच होतं. नोंदी, आलेख, दर हे सगळं जमवून चुकलो होतो तो मी. गाडीच्या बाबतीत आणि त्यांच्याही.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "गाडी चालवायला बंदी नाही ना?" नव्हती. ते यंत्र लावतात, तेही सकाळीच. संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून काढून डबीत ठेवतात. आईची तक्रार आहे की आता ते पातेल्यांच्या आवाजावरून तिलाच बोलतात.

बढतीची बातमी मी त्यांना पुन्हा सांगितली, समोर बसून, आठ-नऊ महिन्यांनी.

"पगार किती वाढला?" त्यांनी लगेच विचारलं.