डिफॉल्ट कोणाच्या भाषेचे?

चळवळीतील लेख, निवेदने आणि अत्याचारग्रस्त कुटुंबांच्या जबान्या यांचा आमचा संग्रह गेल्या महिन्यात आम्ही नव्या सर्व्हरवर नेला. मीरा रोडच्या नया नगरमध्ये एका मित्राचे डीटीपीचे दुकान आहे, तिथेच बसून काम केले. पान उघडले, तर 'आंबेडकर' या नावाच्या जागी डोक्यावर रेघ असलेल्या रोमन 'ए' अक्षरांची रांग! जुन्या होस्टिंगवाल्याने फोनवर सांगून टाकले, "डेटा गेला." ते खोटे होते. अक्षरे जागेवर होती, त्यांच्यावरची पाटी चुकीची होती.

यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, उर्दूच्या अक्षराला २ आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. मायएसक्यूएल हे सॉफ्टवेअर जन्मले स्वीडनमध्ये. २०१८ साली ८.० आवृत्ती येईपर्यंत त्यात डिफॉल्ट लिपी लॅटिन-१ आणि डिफॉल्ट क्रमवारी चक्क स्वीडिश होती. म्हणजे भीमा कोरेगाववरचे आमचे लेख स्वीडिश वर्णक्रमाने लावले जात होते. हसून घ्या, पण पुढचेही ऐका. शीर्षकाच्या रकान्यात २५५ जागा. इंग्रजीला त्या पूर्ण मिळतात, अशा लॅटिन रकान्यात भरलेल्या मराठीला फक्त ८५ चिन्हांपुरत्या. आमची लांब शीर्षके अधेमधे तुटली ती अशी.

काही मित्र विचारतील, संगणकात तुम्हाला जात कुठे दिसली? संगणकाला जात नाही, मान्य. पण न विचारता कोणाला गृहीत धरायचे, हे माणसेच ठरवतात. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ साली ठराव करून खुले केले होते, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथे जावेच लागले. तुलना मोठी वाटेल. पण देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, आणि डिफॉल्ट बदलायला २०१८ उजाडले.

ज्यांच्याकडे असे जुने संग्रह आहेत, त्यांनी आधी बॅकअप घ्यावा. थेट 'कन्व्हर्ट' करू नका, त्याने बिघडलेली अक्षरेच खरी मानली जातात आणि गुंता दुप्पट होतो. डेटा लॅटिन-१ म्हणूनच बाहेर काढा, त्या फाइलमधली पाटी बदलून यूटीएफ८एमबी४ करा आणि मग आत भरा. आमचा बहुतेक मजकूर असाच परत आला. दुकानदार मित्राच्या उर्दू मजकुराचेही हेच दुखणे होते, तोही त्याच बैठकीत सुधारला.

जिथे खरोखर प्रश्नचिन्हेच साठवली गेली आहेत, तिथे मात्र इलाज नाही. मूळ बाइटच पुसले गेलेत. आधीच्या एका स्थलांतरात होस्टिंगवाल्याने हे करून ठेवले. त्यात दोन जबान्या आहेत, सांगणाऱ्या बायांच्या नावांसकट. त्या दोन्ही घरी आम्ही पुढच्या रविवारी जाणार आहोत. लेखांची छापील कात्रणे ज्यांच्याकडे असतील, त्यांनी फोटो काढून पाठवावेत.

जय भीम!